गरम बाजूचं नाव

माझा धाकटा भाऊ कान्हा याला लोक साधा माणूस म्हणायचे. म्हणोत बापडे. साधा माणूस दहिवलीहून रसायनीच्या कॉलनीत दूध घालायला निघाला तर एस्टीच्या टपावर कॅन चढवतो आणि आत जाऊन गप बसतो. आमच्या कान्हाने फटफटी घेतली. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार असेल. तेव्हा आमच्याकडे फटफटी म्हणजे एक डॉक्टरांची आणि एक आमची, आणि डॉक्टरांची निदान पहिल्या लाथेला सुरू व्हायची.

ही गाडी आधी एका वाळूवाल्याकडे होती. तो नेहमी नदीतून ये-जा करणारा. नळीत पाणी शिरून गाडी बंद पडू नये म्हणून त्याने सायलेन्सर खालून काढून वर चढवून घेतला होता. इतरांचा सायलेन्सर चाकाशी असतो, आमच्या गाडीचा थेट मांडीशी. सीटखाली दोन्ही अंगांना पत्र्याचे डबे असतात ना, त्यातल्या उजव्या डब्याला जवळजवळ चिकटून तो तिरका मागे गेला होता. कान्हाच्या वाटेवरही ओढे होते, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, म्हणून त्यालाही तो वरच हवा होता. परिणाम एवढाच झाला की कान्हाच्या उजव्या पोटरीवरचे केस कायमचे गेले. आमची आई म्हणायची, एका पायानं सोललेला कोंबडा दिसतोस.

गाडी आली की नाव घालायचं, ही आमच्याकडची रीत. मग ती बैलगाडी असो की टेंपो. चौकच्या नाक्यावर इद्रिस म्हणून कान्हाचा दोस्त होता, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांची नावं रंगवायचा. त्याचं अक्षर असं, की वाचता न येणारा माणूसही उभा राहून बघायचा. टाकीवर 'एकवीरा आई' लिहायचं, त्यात वाद नव्हता. घोळ झाला तो खालच्या डब्यांवर. कान्हाला आईचंही नाव घालायचं होतं आणि बायकोचंही. एकाच डब्यावर दोन्ही लिहायची तर एक वर येणार आणि एक खाली. सुनेचं वर लिहिलं तर आई जेवणार नाही, आईचं वर लिहिलं तर सून वाढणार नाही. अशा वेळी शहाणा माणूस नुसती फुलं काढून घेतो.

पण कान्हा डोकं चालवायला गेला. दोघींना एकेक बाजू. आई गाडीवर दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची, म्हणून डावी बाजू आईची. आणि पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, म्हणून उजवी बाजू सोनुबाईची. सगळ्यांनी माना डोलावल्या. भटजींनी तर शाबासकी दिली. शास्त्राला धरून आम्ही आमच्या सुनेला सायलेन्सरवर बसवली, आणि एवढ्या माणसांत एकाच्या टाळक्यात ते आलं नाही.

इद्रिसने काळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं काढली, त्यांना लाल सावली दिली. डावीकडे 'गौराबाई', उजवीकडे 'सोनुबाई'. सोनुबाईला वाचता येत नव्हतं. मी बालवाडीत पोरांना शिकवायचे, तिला म्हटलं बस इथे. ओट्यावर कोळशाने तिचं नाव काढून दिलं आणि गिरवून घेतलं. तेवढंच शिकली, पण पक्कं शिकली. रोज सकाळी कान्हा दूध बांधत असला की ही बाहेर यायची आणि डब्यावरून बोट फिरवायची. सो. नु. बा. ई. तिचं नाव त्याआधी कुठे लिहिलेलं होतं म्हणाल, तर रेशनकार्डावर, आणि तिथेही सोनाबाई. म्हणून तिला त्याचं एवढं अप्रूप. मला तिचा तो आनंद बघून फार बरं वाटायचं, खरंच सांगते.

पाऊस सरला, रस्ते कोरडे झाले, आणि पत्रा तापायला लागला. आधी रंगाला बारीक फोड आले. इंजिनाच्या बाजूची धग जास्त, आणि नावाचा शेवट नेमका त्या बाजूला. त्यामुळे पहिली गेली ती 'ई'. दोन-चार खेपांत 'बा' करपली आणि खपली धरून पडली. नवरात्रात डब्यावर राहिलं फक्त 'सोनु'.

आता सोनु हे काय बाईमाणसाचं नाव झालं? पाळण्यातल्या पोराला म्हणतात सोनु. चौकच्या नाक्यावरचे टेंपोवाले, त्यांना बसून दुसरा उद्योग नाही, कान्हाची गाडी दिसली की ओरडायचे, "आली रं आली, सोनु आली." कॉलनीतल्या बायका म्हणायला लागल्या, सोनुचं दूध आज पातळ आहे. हे सगळं फिरत-फिरत दहिवलीत आलं, आणि एका सकाळी सोनुबाईचं बोट 'नु'वर येऊन थांबलं.

"माजी बाई कुठं गेली?" तिनं विचारलं.

"उनानं उडाली असंल," कान्हा म्हणाला. खोटं बोलायची त्याला अक्कलच नाही.

"ऊन काय एकाच बाजूला पडतंय? आत्याची बाई तिकडं ठनठनीत हाय."

आत्या म्हणजे सासू, आमची आई. ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. आता आई कमी बोलायची, पण जे बोलायची ते नको त्या वेळी. म्हणाली, "आगं, मानूस तापट आसला का नाव बी तापतंय."

झालं. सोनुबाईनं काही आदळआपट केली नाही. भाकऱ्या थापल्या, झाकून ठेवल्या, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि लोधिवलीला माहेरी जायला निघाली. जाताना कान्हाला म्हणाली, "मला सोनु म्हनून नांदवायला आनली नाय तुमी. माजी बाई आनून लावा, मग बाई घरी येईल."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रंगापायी? अहो, रंग कुठला. सहा वर्षं ती आमच्या घरात होती. आईला लोक गौराबाई म्हणत, मला मोतीबाई म्हणत, आणि तिला हाक मारत, ए कान्हाची. 'बाई' तिला भेटली होती ती त्या पत्र्यावर. ती डोळ्यांदेखत करपली, आणि वर गाव हसलं. मी तिच्या जागी असते तर गाडी ओढ्यात ढकलून गेले असते.

खरी गंमत पुढे. लोधिवली हे नेमकं रसायनीच्या वाटेवर. म्हणजे कान्हाला रोज सासुरवाडीवरून जाणं आलं. सोनुबाई रोज सकाळी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची, कान्हा गाडी थांबवायचा, ती उजव्या बाजूला जाऊन बघायची आणि एक शब्द न बोलता परत वळायची. पोलीसपाटलानेही कुणाची अशी रोज हजेरी घेतली नसेल.

कान्हाने मग कंबर कसली. इद्रिसकडून नाव पुन्हा रंगवून घेतलं आणि पत्रा आणि सायलेन्सर यांच्या मध्ये ओलं गोणपाट बांधलं. दहिवलीहून निघाला तेव्हा गोणपाट गार होतं. चौकला पोचेस्तोवर वाळलं आणि रसायनीला पोचेस्तोवर धुमसायला लागलं. कॉलनीतल्या एका बाईंनी दूध हुंगलं आणि म्हणाल्या, यज्ञ करून आणलंय का हो हे.

मग आईनेच सांगितलं, केळीचं पान गार असतंय. लावलं पान. पान भाजलं आणि गाडीला पानगीचा असा सुरेख वास सुटला की लोधिवलीचे दोन कुत्रे थेट चौकपर्यंत मागे धावले. मग इद्रिसने कुठूनशी अ‍ॅस्बेस्टॉसची जाड दोरी पैदा केली आणि सायलेन्सरलाच पागोट्यासारखी गुंडाळली. ओढ्यात ती भिजली, आणि पलीकडच्या काठावर कान्हा वाफेतून बाहेर आला तेव्हा गुरं राखणारी म्हातारी त्याला हात जोडून उभी.

शेवटी इद्रिसने तुपाचा रिकामा डबा कापून त्याची ढाल केली. वॉशर घालून ती पत्र्यापासून बोटभर लांब बसवली, मधून वारा खेळेल अशी. आणि काय सांगू, जमलं. पत्रा तापेना. कान्हा खुशीत लोधिवलीला गेला. सोनुबाई आली, तिनं बघितलं, आणि तिला दिसलं काय? तुपाच्या डब्याचं बूड.

"नाव कुठं हाय?"

"आत हाय. एकदम सुरक्षित हाय," कान्हा म्हणाला.

"झाकूनच ठेवायचं तर लिवलं कशाला? माज्या नावानं काय पदर घ्यायचा?" असं म्हणून ती गेली.

कान्हा तसाच इद्रिसकडे गेला आणि ढाल काढून त्याच्या पुढ्यात टाकली. इद्रिस बिचारा म्हणाला, "कान्हाशेट, पत्रा वाचतो तर नाव दिसत नाय, नाव दिसतं तर पत्रा वाचत नाय. आता तूच सांग मी काय करू."

इकडे दिवाळी आली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. त्या दिवशी कान्हाच्या पाटासमोर सोनुबाई नसली तर गाव काय समजायचं ते समजणार होतं. वर तिचा बाप येसाजी बोलून गेला होता, की पाडव्यापर्यंत काय ते ठरवा, नाहीतर मी पोरीला तिच्या भावाकडे डोंबिवलीला पाठवतो. कान्हाचं तोंड उतरून एवढंसं झालं. जेवता-जेवता मधेच थांबायचा. एकदा कॅनचं झाकण न लावताच गाडी काढली आणि नाक्यापर्यंत रस्ता दुधाने सारवला. माझा भाऊ वेडा असेल, पण त्याचा त्या बाईवर जीव होता, आणि ती डोंबिवलीला गेली तर हा माणूस उभा वाळणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

वसुबारसेला तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "ताई, नावं बदलून टाकतो. सोनुबाई डावीकडं, आय उजवीकडं."

"आणि आईला काय सांगणार?"

"काय नाय. तिला कुठं वाचता येतंय?"

मला असा राग आला. ज्या आईने तुला वाढवलं तिला तू गुपचूप सायलेन्सरवर बसवणार? मी त्याला नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पुन्हा ऐकत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नावं बदलून आला. इद्रिसने आधी ब्रशला हात लावायला नकार दिला होता म्हणे. मावशीला, म्हणजे आमच्या आईला, कळलं तर माझ्या दुकानावर येऊन बसेल, म्हणाला. पण कान्हाचा चेहरा बघून त्याने लिहून दिलं.

आईची एक सवय होती. रोज सकाळी टाकीवर एकवीरा आईला हळदकुंकू वाहायची आणि मग आपल्या नावाला हात लावायची, डावीकडच्या. त्याच्या पुढच्या सकाळी मी मुद्दाम गेले होते, काय होतंय ते बघायला. तिने हळदकुंकू वाहिलं, वाकली, आणि हात मधेच थांबला. मग तिने डाव्या हाताचं चोळीचं टोक मागे सारलं आणि हात पत्र्याशेजारी धरला.

आईच्या हातावर गोंदण होतं. लग्नाआधी जत्रेत गोंदून घेतलेलं, निळं पडलेलं, 'गौरा'. आम्ही ते जन्मभर बघत आलो आणि विसरून गेलो होतो. आईला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव दिसतं कसं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिने हात पत्र्याला लावून बघितला, जुळेना. गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली, तिथे लावला. जुळलं.

कान्हा दुधाचा कॅन हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, आता दहिवली हादरणार.

आई म्हणाली, "कदी केलंस रं हे?"

"काल," कान्हा म्हणाला.

"मला इचारायचं हुतंस की."

"तू नाय म्हनली असतीस."

"म्हनले असते," आई म्हणाली. मग हात पुढे करून म्हणाली, "हे बग. माजं नाव कातड्यात हाय, ते कुठं जातंय? त्या पोरीचं नुसतं पत्र्यावर हाय. आन माज्या हातावर बी बाई नाय, नुसती गौराच हाय. बाई लोकांनी म्हनायची आसती. तिला आपुन कोनीच म्हनलो नाय." आणि मग एकदम खेकसली, "कॅन उतरव. मला लोधिवलीला ने."

मी ओट्यावर बसून रडले. लपवायचं काय त्यात. मग डोळे पुसले आणि एस्टी पकडली, कारण पुढचं बघितल्याशिवाय मला राहवलं नसतं. मी त्यांच्या आधी पोचले. फटफटी ओढ्यात बंद पडली होती आणि आमची आई लुगडं खोचून मागून ढकलत होती, असं नंतर कळलं.

सोनुबाई रस्त्यावर आली. डाव्या बाजूला सगळीच्या सगळी 'सोनुबाई' झळकत होती. तिने बोट फिरवलं. सो, नु, बा, ई. तिच्या तोंडावर असं हसू आलं की कान्हाच्या जिवात जीव आला. पण बाईची जात, एवढ्यावर थांबते होय. ती वळसा घालून उजवीकडे गेली. तिला ते नाव वाचता येईना, पण शेवटची 'बाई' तिच्याच नावातली, ती तिने ओळखली. एका खेपेतच त्या 'ई'ला फोड आला होता.

"हे कोनाचं?" तिने विचारलं.

"माजं," आई म्हणाली. "चुलीपुढं जलम गेला, मला धगीचं काय नाय. चल सोनुबाई, घरी चल."

ए कान्हाची नाही, सोनु नाही. सोनुबाई. आईच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि सोनुबाईनेही. तिने पदर तोंडाला लावला. मग कान्हाकडे वळून म्हणाली, "आवं, आत्याला ह्या वयात गरम बाजूला बसवून मी थंडाव्याला बसू? तुमाला कायतरी वाटतंय का नाय? चला इद्रिसभायकडं."

चौकला आम्ही चालतच गेलो, कान्हा गाडी ढकलत मागे. इद्रिसने आईला दुरून बघितलं आणि तो दुकानाच्या मागच्या दाराने निघाला होता, मी हाक मारून परत आणला. सोनुबाई म्हणाली, दोघींची नावं डाव्या बाजूला. आत्याचं वर, माझं खाली. इद्रिसने पत्रा मोजला, डोकं खाजवलं. दोन्ही नावं पूर्ण मावेनात. अक्षर बारीक केलं तर रस्त्यावरून कोण वाचणार? शेवटी त्याने खडूने आखून दाखवलं. वर 'गौरा', खाली 'सोनु', आणि दोन्हींच्या पुढे दोन्ही ओळी व्यापून एकच मोठ्ठी 'बाई'.

"बाई एकच, दोघींना पुरवून वापरा," तो म्हणाला. आई आणि सोनुबाई दोघींनी एकदम मान हलवली. त्या घरात दोघींचं एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

राहिली उजवी बाजू. कान्हा म्हणाला, "तिकडं फुलं काड."

"फुलं कशाला?" सोनुबाई म्हणाली. "तिकडं तुमचं नाव लिवा. तुमचा पाय तसाबी भाजतोयच."

पाडव्याला तिने कान्हाला ओवाळलं. तो पाटावर बसला होता आणि सोललेली पोटरी पुढे करून मुद्दाम सगळ्यांना दाखवत होता. आमच्या आळीत त्या दिवसापासून तिला सगळे सोनुबाई म्हणायला लागले, लहान पोरंसुद्धा, कारण आईने एकाला ए कान्हाची म्हणताना ऐकलं आणि त्याचा कान असा पिरगाळला की बाकीचे आपोआप शहाणे झाले.

फटफटी पुढे बरीच वर्षं चालली. आई गेली तेव्हा तिच्या हातावरचं नाव तिच्याबरोबर गेलं. गाडीवरची 'गौरा' मात्र राहिली, आणि सोनुबाई तिला रोज सकाळी हळदकुंकू लावायची. डाव्या बाजूचा रंग शेवटपर्यंत हलला नाही.

उजव्या बाजूला इद्रिसने 'कान्हा' लिहिलं होतं. महिनाभरात 'न्हा' करपून पडला. कान्हाने तो कधीच पुन्हा रंगवून घेतला नाही. नुसता 'का' राहिला. चौकच्या नाक्यावर कुणी नवा माणूस भेटला की डब्याकडे बघून विचारायचा, हे काय लिहिलंय, 'का'? मग कान्हा गाडी बंद करायचा, उजवा पाय सांभाळून खाली उतरायचा, आणि त्याचा हात धरून त्याला डाव्या बाजूला आणायचा.